पाहुणें फळ आणि डोंगरचें फळ

चैत्र लागला कीं घराघरांत दुपारच्या वेळीं एक निराळाच वास दरवळूं लागतो. उकडलेल्या कैऱ्यांचा, नुकत्याच कुटलेल्या वेलदोड्यांचा आणि माठांत घातलेल्या वाळ्याचा तो मिश्र वास म्हणजे आपल्याकडील उन्हाळ्याची खरी वर्दी. चैत्रगौरीचें हळदीकुंकू ज्या घरीं असेल तेथें कैरीची डाळ व पन्हें हीं ठरलेलींच. या दोन जिनसांना फांटा देऊन तिसरेंच कांहीं सवाष्णींपुढें ठेवण्याची कल्पना वडील मंडळींस सहसा रुचत नाहीं. आणि त्यांत त्यांची चूक आहे असेंही नाहीं. ज्या ऋतूंत जें फळ आपल्या मुलखांत येतें तेंच त्या ऋतूंतील देवाला व पाहुण्याला द्यावें, हा आपल्या सणांचा साधा न्याय आहे. परंतु गेल्या चैत्रांत आमच्याच घरीं या न्यायाची थोडी कसोटी लागली. त्या निमित्तानें दोन फळांचा जो परिचय घडला तो वाचकभगिनींस उपयोगीं पडेल असें वाटून हा लेख लिहीत आहें.

आमचें बिऱ्हाड पुण्यास. परंतु मूळचें घर जुन्नरचें. तेथें अजूनही चुलत सासरे, दोन जाऊबाई, त्यांचीं मुलेंबाळें आणि सासऱ्यांच्या थोरल्या भगिनी आत्याबाई असा भरला संसार आहे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास सर्वांनीं तेथें जमावयाचें आणि त्याच खेपेस लेण्याद्रीच्या गिरिजात्मजाचें दर्शन घ्यावयाचें, असा सासूबाईंचा नेम आहे. गेल्या वर्षीं धाकटे भावोजी आदल्याच दिवशीं महाबळेश्वराहून परतले होते व येतांना स्ट्रॉबेरीच्या चार पेट्या घेऊन आले होते. हंगाम सरत आलेला. तेव्हां फळ लहान, पण रंगानें गडद. दर पेटीस दोनशें रुपये त्यांनीं निमूटपणें मोजले होते. त्या पेट्या तशाच गाडींत ठेवून आम्ही जुन्नरची वाट धरली.

लेण्याद्रीचें स्थान वाचकांच्या परिचयाचें असेलच. जुन्नरपासून पांचेक किलोमीटरांवर, कुकडी नदीपलीकडे, डोंगराच्या उभ्या कड्यांत सुमारें तीस लेणीं एका ओळींत कोरलेलीं आहेत. तीं मूळचीं बौद्ध भिक्षूंचीं, सुमारें अठराशें-एकोणीसशें वर्षांपूर्वींचीं. त्यांतील सातवें लेणें सर्वांत मोठें. एवढ्या प्रशस्त दालनास मध्यें एकही खांब नाहीं, आणि तेथेंच अष्टविनायकांपैकीं गिरिजात्मज विराजमान झाला आहे. पुत्रप्राप्तीसाठीं पार्वतीनें याच डोंगरावर तप केलें अशी कथा आहे. सुमारें तीनशें पायऱ्या चढून गेल्यावर दालनांतील गारवा अंगास लागतो, तेव्हां चढण्याचे श्रम कोठल्या कोठें जातात. सासूबाईंचें वय आतां सत्तरीच्या पुढें. तरी त्या दर वर्षीं पायींच चढतात.

उतरतांना पायथ्याशीं दोन बायका पाट्या घेऊन बसलेल्या दिसल्या. पाटींत कच्चीं करवंदें होतीं. हिरवीं, टणक, एका बाजूस किंचित् गुलाबी झांक मारणारीं. पानांच्या द्रोणांत वाटे लावून ठेवलेले. एक वाटा वीस रुपयांस. लोणच्यापुरते चार वाटे घ्यावे म्हणून मी पुढें झालें आणि बाजारांतील सवयीनें म्हणालें, "मावशी, पंधराला द्या कीं!" त्या बाईनें माझ्याकडे पाहिलें, रागावली मात्र नाहीं. दोन्ही हात उलटसुलट करून तिनें माझ्यापुढें धरले. मनगटापासून कोपरापर्यंत ताज्या ओरखड्यांची जाळी उमटली होती आणि बोटांना चिकाचे काळे डाग होते. "ताई," ती म्हणाली, "करवंदं मोजताय, तसं काटंबी मोजा." मीं कांहीं न बोलतां ऐंशीं रुपये दिले, पण गाडींत बसल्यावर पायांशीं ठेवलेल्या त्या चार पेट्यांकडे लक्ष गेलें आणि मनाला लागलें. आठशें रुपयांना ज्यांनीं हूं कीं चूं केलें नाहीं, त्याच घरच्या मी, वीस रुपयांच्या वाट्यावर पांच रुपये कमी करूं पाहत होतें!

आतां या दोन फळांची ओळख करून देतें.

स्ट्रॉबेरी हें आपल्या देशीं आलेलें पाहुणें फळ. आज जी टपोरी स्ट्रॉबेरी आपण खातों ती कोणत्याही रानांत आपोआप उगवलेली नव्हे. युरोपच्या रानांतली मूळची जात बोटाच्या अग्राएवढी बारीक. १७१४ सालीं फ्रेझिए नांवाच्या फ्रेंच अधिकाऱ्यानें दक्षिण अमेरिकेंतील चिली देशाहून मोठ्या फळांच्या जातीचीं रोपें फ्रान्सला नेलीं. उत्तर अमेरिकेंतील व्हर्जिनियाची सुवासिक जात तेथें त्यापूर्वींच पोंचली होती. या दोन जातींच्या संकरांतून अठराव्या शतकांत बागेंतली स्ट्रॉबेरी जन्मली, आणि ड्युशेन या तरुण फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानें १७६६ सालीं तो संकर ओळखून लिहून ठेविला. पुढें इंग्रजांनीं महाबळेश्वर हें थंड हवेचें ठिकाण म्हणून वसविलें, तेव्हां त्यांच्या बागांबरोबर हें फळही सह्याद्रीवर आलें. आज आपल्या देशांत पिकणाऱ्या स्ट्रॉबेरीचा फार मोठा वांटा एकट्या महाबळेश्वर-पांचगणीच्या पठाराचा आहे, आणि २०१० सालीं त्या स्ट्रॉबेरीस भौगोलिक मानांकनही मिळालें. इंग्लंडांत ही ऐन उन्हाळ्यांत, जून महिन्यांत पिकते. आपल्याकडे पाऊस उघडल्यावर रोपें लावितात आणि मार्गशीर्षापासून चैत्रापर्यंत फळ येतें. म्हणजे आपली उन्हाळ्यांतली स्ट्रॉबेरी ही हंगामाची शेवटची. तीच शिजविण्यास सोयीची व भावानेंही उतरलेली असते.

हें फळ घेतांना एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. आंबा किंवा केळें आढींत घातलें म्हणजे पिकतें. स्ट्रॉबेरी तशी पिकत नाहीं. तोडली त्या घडीस तिचा गोडवा ठरला. देंठाजवळ पांढरी असलेली फळें घरीं ठेवून गोड होतील ही आशा व्यर्थ आहे. तीं नुसतीं मऊ होऊन नासतात.

याच्या उलट करवंद हें अगदीं डोंगरचें लेंकरूं. कण्हेरीच्या कुळांतलें हें सदा हिरवें, कांटेरी झुडूप खडकाळ उतारावर कोणीही न लावतां वाढतें. थंडी सरतां सरतां त्यावर जाईसारखीं पांढरीं, सुवासिक फुलें येतात. चैत्रांत हिरवीं फळें धरतात आणि वैशाखांत तीं काळीं कुळकुळीत होतात. मग जुन्नर-आंबेगांवच्या पश्चिम पट्ट्यांतून, नाणेघाट, आहुपें व भीमाशंकर या बाजूंकडून, महादेव कोळी व ठाकर समाजाच्या बायका पाट्या भरून खालीं उतरतात आणि "डोंगरची काळी मैना" बाजारांत येते. लहानपणीं करवंद खाण्यापूर्वीं तें दांतांनीं अर्धें तोडून 'कोंबडा कीं कोंबडी' पाहण्याचा खेळ ज्यानें खेळला नाहीं असा मराठी माणूस विरळा. आंत तांबडें निघालें तर कोंबडा, पांढरें निघालें तर कोंबडी! ज्या मुलांना आज हा खेळ ठाऊक नाहीं, त्यांनींही करवंद खाल्लेलें असतेंच. मात्र तें न ओळखतां. केकवर किंवा गोड पानांत जी तांबडी 'चेरी' म्हणून असते, ती पुष्कळ वेळां बिया काढून, रंग देऊन, साखरेच्या पाकांत मुरविलेलें करवंदच असते. स्वतःच्या नांवानें ज्या फळास कोणी बाजारांत विचारीत नाहीं, तेंच परक्या नांवानें आपल्या वाढदिवसाच्या केकवर मिरवीत असतें, ही मोठी गंमतीची, पण थोडी खेदाचीही गोष्ट आहे.

असो. घरीं पोंचल्यावर मुलांनीं एक पेटी तशीच फस्त केली. दुसरी सरबतासाठीं ठेविली, आणि उरलेल्या दोहोंचा मुरांबा करावा म्हणून धाकट्या जाऊबाईंनीं पातेलें चुलीवर चढविलें. साखर घातली, ढवळलें, अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. परंतु पाक कांहीं धरेना. रंग मात्र सुंदर माणकासारखा होता तो हळूहळू तपकिरी होऊं लागला. आणखी आटवावें तर साखर करपेल आणि उतरवावें तर सारें पाणी, अशी वेळ आली.

आत्याबाई ओसरीवर करवंदांचे देंठ काढीत बसल्या होत्या. त्यांचें वय ब्यायशीं; स्ट्रॉबेरी त्यांनीं आजवर क्वचितच चाखलेली. पळीभर रस त्यांनीं वाटींत घेतला, निववून जिभेवर ठेविला आणि म्हणाल्या, "गोड आहे, वासही आहे, पण याला अंग नाहीं. पेरूची जेली करतांना अंग फळाचें असतें, साखरेचें नव्हे. यांत ओंजळभर करवंदें उकडून त्यांचें पाणी घाला." जाऊबाईंनीं अविश्वासानेंच तें केलें. करवंदांचें उकळतें दाट पाणी पातेल्यांत पडलें आणि दहा मिनिटांत तो रस पळीवरून तारेनें न गळतां एकवट होऊन ओघळूं लागला. बशींत घातलेला थेंब निवतांच त्यावर साय धरली. आम्ही सर्वजणी पाहतच राहिलों.

यांत जादू नाहीं. फळांच्या पेशींत पेक्टिन नांवाचें एक द्रव्य असतें. आंबटपणा व साखर यांच्या संगतींत उकळलें कीं तें एकमेकांत गुंतून जाळें विणतें आणि त्या जाळ्यांत रस अडकून घट्ट होतो. पेरू, आंबट सफरचंद, कवठ व कच्चें करवंद यांत हें द्रव्य भरपूर असतें. स्ट्रॉबेरींत फार थोडें. म्हणून नुसत्या स्ट्रॉबेरीचा मुरांबा बसविण्यास बाजारांतील पूड तरी लागते, नाहीं तर फळाचा वास जाईपर्यंत आटवावें लागतें. जसजसें करवंद पिकतें तसतसें त्यांतलें पेक्टिनही कमी होतें. म्हणून या कामास कच्चेंच घ्यावें. महाबळेश्वरची शेवटची स्ट्रॉबेरी आणि डोंगरावरचें पहिलें कच्चें करवंद यांची गांठ चैत्रांतील दोन-तीन आठवडेच पडते. पाहुण्याजवळ रंग व सुगंध, यजमानाजवळ अंग व आंबटपणा. दोघांनीं मिळून जें होतें तें एकट्याच्यानें होत नाहीं.

या दोन्ही फळांचे जे जिन्नस आमच्या घरीं त्या चार दिवसांत करून पाहिले, त्यांची कृति पुढें देतें.

स्ट्रॉबेरी-करवंदाचा मुरांबा. स्ट्रॉबेरी एक किलो, कच्चीं करवंदें पाव किलो, साखर एक किलो. करवंदांचे देंठ काढून तीं मिठाच्या पाण्यांत अर्धा तास ठेवावीं, म्हणजे चीक सुटतो. मग दोन-तीन पाण्यांनीं धुवून, अर्धीं चिरून, दोन वाट्या पाण्यांत अगदीं मऊ होईतों शिजवावीं व पुरणयंत्रावर किंवा चाळणींत घोटून गाळून घ्यावीं. स्ट्रॉबेरी देंठासकट धुवावी आणि मगच देंठ काढावे. आधीं काढले तर पाणी आंत शिरतें. फळें अर्धीं करून निम्मी साखर लावून दोन तास ठेवावीं. सुटलेल्या रसासकट तीं मध्यम आंचेवर मऊ होऊं द्यावीं, मग करवंदांचा गाळ व उरलेली साखर घालून आंच मोठी करावी. वर येणारा फेस काढून टाकावा. थंड बशींत एक थेंब घालून बोटानें सारल्यावर त्यावर सुरकुती पडली कीं उतरवावें. भांडें स्टीलचें किंवा कल्हईचें असावें. बिनकल्हईच्या पितळेंत हा आंबट जिन्नस कधीं करूं नये. कांचेच्या बरण्या उकळत्या पाण्यांतून काढून, कोरड्या करून, मुरांबा गरम असतांनाच भरावा. उघडलेली बरणी शीतकपाटांत ठेवावी.

स्ट्रॉबेरीचें सरबत. अर्धा किलो फळांचे काप करून त्यांत चारशें ग्रॅम साखर मिसळावी आणि झांकून रात्रभर थंड जागीं ठेवावें. सकाळीं फडक्यानें गाळून त्यांत दोन लिंबांचा रस घालावा. विस्तवाची आंच न लागल्यामुळें ताज्या फळाचा सुवास यांत जसाच्या तसा राहतो. एक वाटी पाकास चार वाट्या थंड पाणी, चिमूटभर सैंधव आणि अगदीं किंचित् मिरपूड घालावी. मिरपुडीनें या फळाचा वास उठून येतो हें प्रत्यक्ष करून पाहावें. न शिजविलेला पाक असल्यामुळें शीतकपाटांतही चार-पांच दिवसांवर ठेवूं नये. गाळून उरलेला चोथा टाकूं नये. पोळीबरोबर मुलें आवडीनें खातात.

तांबडें पन्हें. दोन कैऱ्या उकडून त्यांचा गर काढावा. तो एक वाटी असेल तर स्ट्रॉबेरीचा गाळलेला रस एक वाटी, साखर दीड ते दोन वाट्या, मीठ व वेलदोड्याची पूड घालून एकजीव करावें व लागेल तसें पाणी मिसळावें. येथें नेहमींचा गूळ घालूं नये. त्यानें रंग मळकट होतो. केशराचीही गरज नाहीं. स्ट्रॉबेरीच्या रंगास आंबटपणा मानवतो. कैरीच्या संगतींत तो अधिक तांबडा दिसतो. याच कारणानें खाण्याच्या सोड्याचा स्पर्श मात्र त्यास होऊं देऊं नये. लगेच निळसर, निस्तेज होतो.

श्रीखंड. कच्ची स्ट्रॉबेरी चक्क्यांत घातली तर तिचें पाणी सुटून श्रीखंड पातळ होतें. म्हणून पाव किलो फळांचा गर थोड्या साखरेबरोबर चौथा हिस्सा राहीपर्यंत आटवून, पूर्ण निववून, अर्धा किलो चक्क्याच्या श्रीखंडांत कालवावा. दुधांत मात्र हें फळ चिरून घालण्याची हल्लींची चाल आमच्या आत्याबाईंस मान्य नाहीं. आंबट फळानें दूध फुटतें हें तर डोळ्यांनींच दिसतें. तेव्हां शिकरण करावयाचें तें केळ्याचेंच बरें.

कच्च्या करवंदाची चटणी. बिया काढलेलीं करवंदें एक वाटी, ओलें खोबरें अर्धी वाटी, तीन हिरव्या मिरच्या, जिरें, मीठ व सुपारीएवढा गूळ हें सारें पाट्यावर वाटावें. भाकरी, थालीपीठ किंवा दहींभात कशाहीबरोबर ही चटणी रंगते. पंचामृतांत चिंचेच्या ऐवजीं करवंदें चिरून घातलींत तर जेवणारे विचारल्यावांचून राहत नाहींत.

पिकल्या करवंदाचें सरबत. हें वैशाखांतलें. एक किलो काळीं करवंदें धुवून दोन वाट्या पाण्यांत दहा मिनिटें शिजवावीं, रवीनें हलकेंच घुसळावीं, निववून दाट फडक्यांतून गाळावीं. चिकाचा अंश वर तरंगतो तो काढून टाकावा. एक वाटी रसास सव्वा वाटी साखर घालून एक उकळी आणावी. पितांना तिप्पट-चौपट पाणी, मीठ व भाजलेल्या जिऱ्याची पूड घालावी. रंग जांभळट तांबडा, चव अशी कीं उन्हांतून आलेल्या माणसास दुसरें कांहीं सुचूं नये. पिकलीं करवंदें नुसतीं खाल्ल्यावर ओठांस चीक चिकटतो, त्यास तुपाचें बोट लावावें.

आतां हळदीकुंकवाची हकिकत. गौरीपुढें कोणतें पन्हें ठेवावयाचें यावर माजघरांत बरीच चर्चा झाली. मुलींचा हट्ट तांबड्या पन्ह्याचा. सासूबाईंचें म्हणणें नैवेद्य कैरीचाच. अखेर आत्याबाईंनीं निवाडा केला. "गौर माहेरीं आली आहे, तिला घरचें द्या. पाहुणे आले आहेत. त्यांना पाहुणें द्या." त्याप्रमाणें गौरीपुढें डाळ व कैरीचें पन्हें, आणि आलेल्या सवाष्णींना ज्याच्या त्याच्या आवडीनें दोहोंपैकीं एक, असें झालें. तांबड्या पन्ह्याचें कौतुक झालेंच. परंतु सर्वांत अधिक विचारणा झाली ती मुरांब्याची, आणि त्यांतील आंबट गोडी कशाची तें कोणासही ओळखतां आलें नाहीं. करवंदाचें नांव सांगतांच एक बाई म्हणाल्या, "अहो, आमच्या शेताच्या बांधाला पूर्वीं यांचेंच कुंपण होतें. आतां तारेचें केलें."

त्यांचें तें वाक्य माझ्या मनांत घोळत राहिलें. करवंदाची जाळी म्हणजे फुकटचें, दाट, गुरांना न जुमानणारें कुंपण. पक्ष्यांना आसरा, मातीला आधार आणि वर्षाकाठीं फळ. तारेला यांतलें एकही काम साधत नाहीं. जो भाग शेतांत मोडत नाहीं तेथें दर उन्हाळ्यांत वणवे लागतात. फुलोऱ्याच्या व फळ धरण्याच्या दिवसांतच आग फिरली तर त्या वर्षीं पाटी रिकामी राहते. आणि ही पाटी कोणाची? ज्यांच्या घरीं वैशाखांत दुसरें रोख उत्पन्न सहसा नसतें, त्यांची. हिरडा गोळा करावा, करवंदें-जांभळें विकावीं आणि पावसाळ्यापूर्वीं बियाणें व मिठमिरची घरांत आणावी, असा त्यांचा हिशेब असतो. वनांतील अशा गौण उपजेवर परंपरेनें वनांत राहणाऱ्यांचा हक्क आहे असें २००६ सालच्या वनहक्क कायद्यानेंही मान्य केलें आहे. परंतु हक्क कागदावर आला म्हणून पाटीला गिऱ्हाईक मिळतेंच असें नाहीं.

येथें लेण्याद्रीच्याच परिसरांतील एक जुनी गोष्ट सांगण्याजोगी आहे. जुन्नरभोंवतींच्या लेण्यांत जे प्राचीन शिलालेख आहेत, त्यांपैकीं एकांत एका शक उपासकाच्या दानाची नोंद आहे. त्यानें करंजाचीं व वडाचीं झाडें लावण्यासाठीं जमिनीचें उत्पन्न एका श्रेणीकडे लावून दिलें होतें. सुमारें अठराशें वर्षांपूर्वीं एक परदेशाहून आलेला मनुष्य या डोंगरांत झाडें लावण्याची तजवीज दगडांत कोरून ठेवितो. आणि आपण, याच मातींतले, आयतें उगवलेलें कुंपण उपटून तारा ओढतों! पाहुण्यानें घर ओळखावें आणि घरच्यांनीं विसरावें, असें हें झालें आहे.

स्ट्रॉबेरीनें आपल्यास एक धडा दिला आहे तो घेण्यासारखा आहे. परदेशचें हें नाजूक फळ महाबळेश्वरच्या शेतकऱ्यांनीं आपलेंसें केलें. निवडून, पेटींत भरून, नांव देऊन बाजारांत आणलें. मुरांबे, सरबतें यांचे कारखाने उभे राहिले. आणि गिऱ्हाइकानें त्याची किंमत घासाघीस न करतां दिली. करवंदालाही हें सर्व मिळूं शकतें; परंतु त्याचा आरंभ कारखान्यापासून नव्हे, आपल्या स्वयंपाकघरापासून झाला पाहिजे. जो जिन्नस घरांत कोणी मागत नाहीं, त्याला बाजारांत मान मिळत नाहीं.

परततांना आम्ही पुन्हा लेण्याद्रीच्या पायथ्याशीं थांबलों. तीच बाई त्याच जागीं बसली होती. मीं मुरांब्याची एक लहान बरणी तिच्या हातीं दिली आणि त्यांत काय आहे तें सांगितलें. तिनें बोट बुडवून चाखलें, क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "गोड लई झालंय." मग हंसून विचारूं लागली, "पिकली की घ्याल का?" वैशाखांत पिकलीं करवंदें दोन दिवसांत नासतात, सोमवारीं विकलीं गेलीं नाहींत तर मंगळवारचें ऊन तीं घालवितें. म्हणून ज्या दिवशीं बाजार मंद असेल त्या दिवशीं ती डोंगरावर जातच नसे; फळ जाळीवरच पक्ष्यांचें होई. आम्हीं तेथल्या तेथें ठरविलें. वैशाखांतील दर शनिवारीं तिनें एक पाटी जुन्नरच्या घरीं पोंचवावी. भाव तिचा, पैसे त्याच दिवशीं. जाऊबाईंच्या शेजारच्या दोन घरांनींही एकेक पाटी सांगून ठेविली. चार शनिवार ती आली. एकदां मात्र पाटी अर्धीच होती. डोंगराच्या त्या अंगास वणवा लागून गेला होता. तिनें पैसेही अर्धेच घेतले.

वाचकभगिनींना एवढीच सूचना आहे. यंदा चैत्रांत स्ट्रॉबेरीची शेवटची पेटी घरीं येईल, तेव्हां पाव किलो कच्चीं करवंदेंही मागवा. विकणारी जी असेल तिला तिची वैशाखांतली पाटी आधींच सांगून ठेवा, आणि भाव करण्यापूर्वीं एकदां तिच्या हातांकडे पाहा. पावसाच्या तोंडावर पिकल्या करवंदाच्या बिया धुवून कुंडींत टाकाव्या, रोपें उगवतात. आमच्या जुन्नरच्या परसांत गेल्या आषाढांत सात रोपें लावलीं. त्यांपैकीं पांच जगलीं आहेत. त्यांना फळ धरायला कांहीं वर्षें लागतील. तोंवर शनिवारची पाटी चालूच राहील.